पिप्पाचं नाक आणि शेवटची नोंद

डॉ. रोवेना फॅरेल यांचे बालरोगतज्ज्ञ होणे एका नोंदीवर अडले होते. सहा वर्षांचे प्रशिक्षण, तीन परीक्षा आणि 'या रुग्णाकडून मी काय शिकले' या विषयावरची दोनशे आत्मचिंतने त्यांनी रीतसर सादर केली होती. मुलांपेक्षा मुलांविषयीचे फॉर्मच आपल्या जास्त ओळखीचे झालेत, हे त्या स्वतःच हसत सांगत. उरली होती 'निरीक्षणाखालील एक लघुप्रक्रिया', म्हणजे परीक्षकांच्या डोळ्यांदेखत करायचा एक छोटासा उपचार. मुदत शुक्रवार, नाहीतर आणखी एक वर्ष.

त्याच शुक्रवारी, ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम क्वीन्सलंडमधल्या त्यांच्या छोट्या रुग्णालयात शेरिल आपल्या चार वर्षांच्या पिप्पाला घेऊन आली. पिप्पाने नाकात मणी घातला होता. रोवेनाबाईंना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांना खोकावे लागले.

ब्रिस्बेनहून परीक्षक डॉ. प्रिंगल टॅबलेटच्या पडद्यावर आले.

"आधी मुलीशी विश्वासाचं नातं जोडा. दहा मिनिटं तरी."

"कुठे गं मणी?" रोवेनाबाईंनी प्रेमाने विचारले.

"नाकात," पिप्पा म्हणाली. नाते जोडून झाले.

उरलेली नऊ मिनिटे दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. मग संमतिपत्र आले. त्याच्या तिसऱ्या पानावर पडदा गोठला आणि प्रिंगलसाहेबांचे तोंड उघडेच राहिले.

तीस वर्षे नर्स असलेल्या नोलीनने पिप्पाची दुसरी नाकपुडी दाबली. "शेरिल, लेकीच्या तोंडाला तोंड लाव आणि फुंक मार." मणी टुणकन ट्रेमध्ये पडला.

पडदा हलला. "कुठवर आलो?"

"मणी निघाला, सर."

"मी पाहिला नाही. म्हणजे नोंदीपुरता तो आतच आहे."

रोवेनाबाईंनी मण्याकडे पाहिले. मग पिप्पाच्या नाकाकडे. मग पुन्हा मण्याकडे.

"बाई," नोलीन हळूच म्हणाली, "मनातसुद्धा आणू नका."

रोवेनाबाई कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी मणी कचऱ्यात टाकला. त्या धांदलीत टॅबलेट उताणा पडला.

"नोलीन, तुझे उपकार आहेत गं," शेरिल म्हणाली, "पण तू पडलीस नर्स. एकदा तज्ज्ञांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं."

"मी अजून तज्ज्ञ नाही," रोवेनाबाईंनी खरे ते सांगितले.

"मग ते साहेब?"

प्रिंगलसाहेबांनी समोर दिसणारे खोलीचे छत बारकाईने न्याहाळले. "मोकळं आहे," ते म्हणाले.

शेरिलचा जीव भांड्यात पडला. "तज्ज्ञ तो तज्ज्ञच," असे म्हणत ती लेकीला घेऊन निघून गेली.

रोवेनाबाईंनी आणखी एका वर्षाचा अर्ज भरला. शेरिलला हसायचा त्यांचा विचार होता. पण मागच्या आठवड्यात दाढ दुखली, तेव्हा त्या स्वतः कोणत्या दंतवैद्याच्या दारात शिरल्या होत्या? नावापुढे पदव्यांचे सर्वांत लांब शेपूट असलेल्या. तुम्ही?