बिनअटीची आर्या

लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत निवडीचे प्रश्न असतात. काही माणसं दिलेली असतात, त्यांतली मोजकी निवडायची असतात, आणि प्रत्येकाच्या काही ना काही अटी असतात. एक आला तर दुसरा येणार नाही, तिसरी येईल पण चौथीला घेऊनच. मल्हारगंजच्या आर्या निगडेचं घोडं सुरुवातीला इथेच पेंड खायचं. तिला कारणं हवी असत.

"सर, हे दोघं सोबत का नाही बसत? झगडा झालाय का?"

पलासियातल्या क्लासचे पीयूष सर कपाळाला हात लावत. "बेटा, कारण विचारायचं नाही. अट आहे म्हणजे आहे. आणि ज्याची काहीच अट नाही, त्याला सगळ्यात शेवटी, जागा उरली तर टाकायचं."

आर्याने कारण विचारणं सोडलं आणि ती शहरात पहिली आली.

समाजाच्या मंडळाने तिच्या सत्काराचा ठराव तातडीने, एकमताने पास केला. सर्वांत हरखले ते तिचे आजोबा, नाना. घराण्यात होळकरांचे शिलेदार होऊन गेले होते, पण मंडळाच्या मंचावर आजवर कुणाला बसवलं नव्हतं. नातीला तिथे बघायचं म्हणून नानांनी लग्नातला कोट ड्रायक्लीनला दिला.

मग एका संध्याकाळी मंडळाचे सचिव संजीवकाका घरी आले. "आर्याजी, मंचावर कोण बसेल हे तूच जमवून दे. तुझा तर सब्जेक्टच आहे. चार खुर्च्या मावतात. पाचवी ठेवली की तिचे मागचे पाय हवेत."

"अटी सांगा, काका."

"अध्यक्ष म्हणून अप्पासाहेब तर पाहिजेच. ते बसले तर महिला शाखेच्या मनोरमाबाई पाहिजे, नाही तर शाखा बहिष्कार घालते. मनोरमाबाई आल्या तर त्यांच्या जाऊबाई उषाताई पाहिजे, नाही तर त्यांच्या घरात महाभारत होतं. पीयूष सर नको, त्यांच्या क्लासला जाऊनही माझा मुलगा परीक्षेत लटकला."

"आणि तुम्ही?"

"माइक माझ्याजवळ असतो ना! मी उतरून कुठे जाऊ?"

आर्याने सवयीने उत्तर काढलं. ते एकच निघत होतं. चार खुर्च्या, चार माणसं, आर्या शिल्लक. आता काका हसतील आणि एखादी अट मागे घेतील, या आशेने तिने ते सांगितलं.

"क्या बात है!" काका खुर्चीतून उठलेच. "एकही अट मोडली नाही! आम्ही तर तीन मीटिंगा घेतल्या, तरी जमलं नव्हतं."

"पण काका, सत्कार माझा आहे."

"तुझी काही अट होती का?"

"नव्हती."

"मग?"

"मग आता घ्या. मी मंचावर नसेन तर सत्कार नाही."

काका मनापासून हळहळले. "अटी द्यायची मुदत शनिवारी संपली, बेटा. आधी सांगायचं ना."

"मग मी मंचाशेजारी उभी राहते."

"छे छे! सत्कारमूर्तीला उभं ठेवायचं? समाजाची काही इज्जत आहे की नाही?"

आर्याला रडू आलं, रागही आला. त्याहून वाईट म्हणजे, उत्तर बरोबर आहे हेही तिला कळत होतं.

कार्यक्रम दणक्यात झाला. मनोरमाबाईंनी शाल दिली, ती आर्याच्या वतीने अप्पासाहेबांनी पांघरली. नारळ उषाताईंनी स्वीकारला. मग अप्पासाहेब 'मुलींना पुढे येऊ द्या' या विषयावर मनसोक्त बोलले. आर्या खाली, नानांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती. नाना कोटाची बटणं चाचपत मंचाच्या पायऱ्यांकडे बघत होते.

"तुला कधी बोलावणार गं?"

"शेवटी, नाना," आर्या म्हणाली. दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. नानांनी भिंग धरून चारही चेहरे तपासले. मग कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

दिवसभर फोन येत राहिले. कार्यक्रम छान झाला, असं जो तो म्हणाला. फोटोत आर्या कुठे आहे, हे एकानेही विचारलं नाही. आणि वाचकहो, तुम्ही तरी मघाशी काय करत होतात? एकेक अट जुळवून उत्तर बरोबर येतं का ते बघत होतात.

आलं ना बरोबर?