तब्येतीची चौकशी

सहा वर्षं तो रोज सकाळी पहिल्याच्या तब्येतीची जितकी मनापासून चौकशी करत असे, तितकी पहिल्याच्या सख्ख्या आईनेही कधी केली नसेल. "झोप लागली का? पोट कसं आहे? अंगात कणकण वगैरे?" पहिला म्हणजे शर्यतीच्या संघाचा मुख्य ड्रायव्हर. तो छातीवर थाप मारून सांगे, "एकदम ठणठणीत!" आणि याचं तोंड उतरे. कारण हा राखीव ड्रायव्हर. गाडी एकट्या माणसाची, शेजारी टेकायचीसुद्धा सोय नाही. पहिल्याला काही झाल्याशिवाय याला वाव नाही. सगळे त्याला राखीवच म्हणत. सासूदेखील.

सातव्या वर्षी तो पहिल्यांदा पोरांच्या शर्यतीच्या छोट्या कार्टमध्ये बसला, तेव्हा असं काही होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दर रविवारी वडील टायर बदलत आणि आई हातात घड्याळ घेऊन उन्हात उभी राही. तेराव्या वर्षी चषक, सोळाव्या वर्षी खरी फॉर्म्युला गाडी. पण या धंद्याची शिडी वर जाताना अरुंद होत जाते. तळाला शंभर पोरं मावतात, मधे वीस, आणि वरच्या पायरीवर एक. राखीव दुसरा होता. आता तो एकतीस वर्षांचा होता आणि त्याचं काम एकच: धुतलेला शर्यतीचा पोशाख घालून, हेल्मेट मांडीवर घेऊन, कुणाच्या तरी पोटदुखीची वाट बघत बसणं.

आणि मंगळवारी पहिला न्हाणीघरात साबणावरून घसरला. मनगट मोडलं. राखीवने फार दुःख केलं. दुःख करता करता आरशात पाहिलं, तर तोंड हसत होतं.

संघाचे मालक म्हणाले, "शुक्रवारी दुपारी ट्रॅक दोन तास आपला आहे. पहिल्याच्या फेरीच्या वेळेच्या जवळपास आलास, तर उरलेल्या तिन्ही शर्यती तुझ्या. नाही आलास, तर मी दुसरा कुणी बघतो."

घरी बायकोनेही शुक्रवारच सांगितला. "माझंही ऐक. संध्याकाळी सहाला दादा येतोय. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमधे मास्तरची जागा आहे. शर्यत मिळाली तर मी स्वतः पेढे वाटीन. नाही मिळाली तर सोमवारपासून तिथे. मला म्हातारपणी राखीव नवरा नकोय."

"ड्रायव्हिंग स्कूल?" राखीव म्हणाला. "तिथे... म्हणजे... बघू."

शुक्रवारी बायकोने नेहमीप्रमाणे गाडीतून त्याला ट्रॅकवर सोडलं. निघताना घराच्या दाराला कुलूप त्यानेच लावलं होतं. तिची किल्ली चार दिवसांपूर्वी हरवली होती, म्हणून ही एकच उरली होती. ती दोरीने पोशाखाच्या पट्ट्याला बांधली होती. गाडीतून उतरल्यावर ती तिला द्यायची, एवढंच काम. पण तो उतरला तो तरंगतच निघाला. बायको काचेआडून हात करत होती. तिला किती आनंद झालाय, असं वाटून त्यानेही दोन्ही हात हलवले.

या गाड्यांत बसायची बैठक बाजारात मिळत नाही, ती माणसावर ओतून करतात. गाडीच्या पोटात मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवायची, तिच्यात दोन रसायनं मिसळायची, आणि ड्रायव्हरने वर बसायचं. मिश्रण फुगतं, पाठीला, कमरेला घट्ट बसतं आणि पंधरा मिनिटांत दगड होतं. तोवर हलायचं नाही. पहिल्याची बैठक राखीवला चालणारी नव्हती. पहिला अंगाने आडवा.

"खिसे रिकामे?" मिस्त्रीने विचारलं. मिस्त्री संघात मालकाच्याही आधीपासून होता.

"पोशाखाला खिसे असतात का?"

"घड्याळ, साखळी, काही टोकदार?"

"काही नाही, मिस्त्री. ओता तुम्ही."

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. किल्ली फिरत फिरत पाठीमागे गेली होती, आणि दिसत नाही ते माणूस विसरतो.

मिस्त्रीने ओतलं. राखीव बसला, हात स्टिअरिंगच्या चाकावर धरले, डोळे मिटले. पाठीला ऊब लागली. मग दंडांना लागली. मग मानेला.

"मिस्त्री, मानेपर्यंत येतं का हे?"

"मानेपर्यंत कशाला येईल? कमरेपर्यंत—" मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच बिडी ओढणाऱ्या माणसाला यावा तसा ठसका त्याला आला. "अरे देवा! पिशवी फाटली! ऊठ! ऊठ!"

"तुम्हीच म्हणालात हलू नकोस!"

"आता मी म्हणतोय ऊठ!"

राखीवने जोर लावला. गाडी हलली, तो हलला नाही. फेस पोशाखाला, गाडीच्या पोटाला आणि छातीवरच्या चेनला धरून बसला होता. चेन उघडेना, खांदे सुटेनात. चाक आणि पेडल तेवढे मोकळे होते.

मालक आले. त्यांनी एक फेरी मारून चारी बाजूंनी पाहिलं. "करवत आणा."

"करवतीने गाडी जाईल," मिस्त्री म्हणाला. "तारेने हळूहळू कापावं लागेल. तीन तास."

"ट्रॅक दोन तास आहे!"

"मग पोशाख कापू?"

"पोशाख नको!" राखीव आतून ओरडला. "सहा वर्षं इस्त्री केलीय त्याला!"

तेवढ्यात हेल्मेटात ठेवलेला त्याचा फोन वाजला. मिस्त्रीने तो त्याच्या कानाशी धरला, पण बायकोचा आवाज कुणाच्या कानाशी धरायची गरज नव्हती.

"किल्ली कुठाय?"

 राखीवच्या कमरेत काहीतरी टोचत होतं. मघापासून टोचत होतं. "माझ्या... मागे आहे."

"मग पुढे कर आणि कुणाबरोबर तरी पाठव! मी दाराबाहेर उभीय. दोन्ही हातांत पिशव्या, दूध गरम व्हायला लागलंय, आणि दादा लवकर आलाय."

"जावईबापू," मेहुण्याचा आवाज आला, "मी जिन्यात बसलोय. सावकाश या. फक्त फॉर्मवर सही हवी."

"आत्ता नाही येता येत. मी अडकलोय."

"कामात?"

"गाडीत."

"ट्रॅफिक आहे का फार?" मेहुण्याने आस्थेने विचारलं.

मालक घड्याळाकडे पाहत होते. पलीकडे बाकावर एक कारखानदार शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्या आपल्या मुलीला घेऊन बसले होते. मुलीसाठी संघ शोधत ते गावोगाव फिरत होते, आणि त्यांच्यासमोर मालकांना शोभा करून घ्यायची नव्हती. गाडीतून झटकन बाहेर पडायची परीक्षा राखीवने सकाळीच दिली होती आणि ट्रॅकचे अधिकारी सही करून जेवायला गेले होते. मालक वाकून हळूच म्हणाले, "राखीव, हात चालतात ना? पाय चालतात ना?"

"चालतात."

"मग चालव. नाहीतरी आत आहेसच."

मिस्त्रीने त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. "चोवीस वर्षं लागली आत यायला," तो पुटपुटला, "आता बाहेर यायची कसली घाई."

आणि गाडी सुटली. पहिल्या वळणावरच राखीवला कळलं, की असं काही त्याने जन्मात अनुभवलं नव्हतं. अंग तसूभर सरकत नव्हतं. गाडी जे बोले ते थेट त्याच्या हाडांत ऐकू येई. फक्त प्रत्येक डाव्या वळणावर किल्ली कमरेत घुसे, म्हणून डावी वळणं तो लवकरात लवकर संपवत होता. त्या ट्रॅकवर डावी वळणंच जास्त.

अकरा फेऱ्यांनी तो परत आला तेव्हा मालक स्टॉपवॉच झटकून कानाला लावून पाहत होते. पहिल्याच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा अर्ध्या सेकंदाने कमी. मिस्त्रीने डोळे पुसले आणि फेसाची वाफ लागली म्हणाला. राखीवला हेल्मेटच्या आत रडू कोसळलं. हातांनी पुसता येईना, म्हणून त्याने ते वाहू दिलं. आई अजूनही घड्याळ घेऊन उन्हात उभी आहे, असं त्याला वाटलं.

कारखानदार बाकावरून उठून आले. गाडीभोवती फिरले, चाकाला हात लावला. "गाडी फारच उत्तम आहे हो तुमची!"

मालकांनी एकदा राखीवकडे पाहिलं, एकदा कारखानदारांकडे. मग त्यांचा चेहरा हळूहळू, सूर्य उगवावा तसा उजळला.

"पहिल्यापासूनच उत्तम आहे," ते म्हणाले.

"राखीव माणूस एवढा पळवतोय, म्हणजे आमची मुलगी काय करेल! या तीन शर्यती आणि पुढचं सगळं वर्ष तिला द्या. सगळा खर्च माझा."

तिथे सपाट जागा दुसरी नव्हती, म्हणून करार गाडीच्या नाकावरच झाला. मागे मिस्त्री तारेने कापत होता. कागद वाऱ्याने उडत होता.

"काका," ती मुलगी राखीवला अदबीने म्हणाली, "जरा कोपरा धरता?"

काकांनी कोपरा धरला. हात तेवढे मोकळे होते.

"मालक," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी जवळपास नाही आलो. मी पुढे गेलो."

"मी बघितलं ना रे," मालक शाई वाळवत म्हणाले. "पण तू काय, घरचाच माणूस. तू कुठे जातोस?"

खरंच होतं. तो कुठेही जाऊ शकत नव्हता. अजून खांदे सुटायचे होते.

मिस्त्रीने त्याला घरी पोचवलं तेव्हा अंधार पडायला आला होता. राखीवच्या हातात फेसाचा नारळाएवढा गोळा होता आणि गोळ्यातून किल्लीचं टोक तेवढं दिसत होतं. पण दारात नवंकोरं कुलूप बसवलं होतं. मेहुण्याने माणूस आणून जुनं तोडलं होतं. राखीवने आपल्याच घराची घंटा वाजवली.

बायकोने त्याचा चेहरा पाहिला आणि भांडायचं रद्द केलं. "बस," ती म्हणाली. "चहा टाकते. दूध नासलंय, बिनदुधाचा टाकते."

"द्या दादा तो फॉर्म," राखीव म्हणाला. "सोमवारपासून येतो."

मेहुण्याला भरून आलं. त्याने स्वतःचं पेन काढलं. "शाब्बास जावईबापू! अर्धा मी भरलाय. फक्त लायसन्सचा नंबर सांगा."

राखीवने गोळा या हातातून त्या हातात घेतला.

"शर्यतीचं आहे," तो म्हणाला.

"ते नको हो, साधं. रस्त्यावरचं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात आली. "पंचविसाव्या वर्षी काढलंस म्हणाला होतास ना तू? आणि मी तुला रोज सोडते ते पेट्रोल वाचवायला?"

"परीक्षा दिली होती. दोनदा." राखीवचा आवाज खाली खाली गेला. "पुढे नेली व्यवस्थित. मागे घेता आली नाही. आम्हाला मागे घ्यायला कधी कुणी शिकवलंच नाही."

 मेहुण्याने मास्तरच्या जागेचा फॉर्म नीट घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या खिशातून दुसरा काढला. तो बराच लहान होता.

सोमवारी सकाळी आठ वाजता राखीव स्कूलच्या छोट्या गाडीत जाऊन बसला. सवयीने त्याने पोशाख घातला होता. कमरेला तारेने कापल्याची भोकं होती, तिथे बायकोने ठिगळ लावलं होतं. शेजारी मास्तर येऊन बसला. मेहुण्याने ती रिकामी जागा शनिवारीच भरली होती. गडी चाळिशीचा, दणकट, गालांवर तेज.

"आज पुढे जायचंच नाही," मास्तर म्हणाला. "आज नुसती मागे घ्यायची."

राखीवने आरसा नीट केला, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि त्याच्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, "मास्तर, तब्येत कशी असते तुमची?"

मास्तरने छातीवर थाप मारली. "एकदम ठणठणीत!"