अळणी वाटी

गुरुवारी सकाळी माझी बायको सुमन वारली. दुपारी आम्ही स्मशानातून परत आलो. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे बळीभाऊ रक्तदाबाचं मशीन घेऊन आले आणि म्हणाले, "सर, डावा हात द्या."

मी हात दिला. घरात माणसं बसली होती. माझ्या मेहुण्याला राहवलं नाही. "अहो, ही काय वेळ आहे का?"

"हीच वेळ असतीय, पाव्हणं," दंडाला पट्टा गुंडाळत बळीभाऊ म्हणाले. "लाइनीवर लोड आला की गेज बगायचा. लोड न्हाई तवा कशाला बगायचा?"

मशीन गुरगुरलं. वरचा आकडा एकशे सत्तर. "आज एवढं राहू द्या," ते म्हणाले, जणू मी परवानगी मागितली होती. "उद्या परत बगू."

त्यांचं नाव मी इथे बदललं आहे. का, ते पुढे कळेल.

बळीभाऊ लातूरकडचे. तरुणपणी इकडे आले आणि सगळी नोकरी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला काढली. तिथे हायड्रॉलिक प्रेसचं तेल, पाइप आणि दाब सांभाळायचा. निवृत्त झाले, पण दाब डोक्यातून गेला नाही. सोसायटीचे चेअरमन ओरडायला लागले, की "ह्यांचा रिलीफ व्हॉल्व्ह जाम झालाय." तळमजल्यावरच्या सासूसुना बोलेनाशा झाल्या, तेव्हा "पाइपात हवा धरलीय, काढावी लागंल." मी ग्रंथपाल होतो, बोलणं कमीच. माझ्याबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं: "सर म्हंजे सीलबंद टाकी."

संत तुकाराम नगरातल्या आमच्या इमारतीत असा माणूस नाही, ज्याच्या दंडाला तो पट्टा लागला नाही. गॅस सिलिंडरवाला धापा टाकत आला, की त्याला आधी पाच मिनिटं जिन्यात बसवायचं. पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही, तोंड बंद. "बोललं की आकडा चढतोय," असं बजावून बळीभाऊ स्वतः मात्र अखंड बोलत. वार्षिक सभेच्या आधी आणि नंतर त्यांनी चेअरमनचं प्रेशर मोजलं होतं. नंतरचा आकडा त्यांनी इतिवृत्तात घ्यायला लावला.

आणि तो कोंबडा. रोज संध्याकाळी दिवेलागणीला त्यांच्या फोनमध्ये कोंबडा आरवे. लग्नात असोत, शोकसभेत असोत, बळीभाऊ उठून उभे राहत, खिशातली डबी काढत, "बीपीची गोळी" असं चारचौघांत जाहीर करत आणि गिळून टाकत. मुलं त्यांच्यामागे कुकुच्कू करत फिरत. ते रागावत नसत. "आरवा रे, मला आठवण ऱ्हाती."

त्यांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. म्हणून रविवारी जेवायला आमच्याकडे. बीपी म्हटल्यावर सुमन त्यांची आमटी वेगळी काढी. सुमनचं नाव कोरलेली स्टीलची एक वाटी होती, तिच्या रुखवतातली. ती त्यांच्या पुढ्यात ठेवताना सुमन दर वेळी म्हणे, "भाऊ, ही तुमची अळणी." बळीभाऊ ती आमटी भुरकून संपवत आणि वर मागून घेत. मला नवल वाटे.

"भाऊ, जाते कशी हो तुम्हाला?"

"सवय झाली, सर."

सुमन तेव्हा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जाई. मला वाटे, तिला ठसका लागला.

ती गेल्यावर बळीभाऊ रोज सकाळी माझ्याकडे येऊ लागले. आकडा खाली येईना. आठवडाभर पाहून त्यांनी मला कासारवाडीच्या डॉक्टरांकडे नेलं. मलाही गोळी सुरू झाली. दिवस होऊन गेले, पाहुणे गेले, आणि एका रविवारी मी पहिल्यांदा आमटी केली. तीच वाटी काढली. "भाऊ, ही तुमची अळणी," मी म्हणालो.

त्यांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. मग वाटीवरच्या नावावरून बोट फिरवलं.

"सर, एक सांगायचंय. ह्या वाटीत लई वर्सं मीठ होतं."

मला कळेना.

"मला बीपी नव्हतंच, सर. मला एचआयव्ही हाय. ती कोंबड्याची गोळी त्याची."

ते सांगत गेले. गोळ्या त्यांना कित्येक वर्षांपासून चालू आहेत. विषाणू आता तपासणीत सापडत नाही, इतका दबला आहे. पण कारखान्याच्या कँटीनमध्ये एकाने विचारलं, गोळी कसली? तोंडाला आलं, बीपीची. मग ते निभावणं आलं. बीपीवाल्याकडे मशीन पाहिजे, म्हणून मशीन घेतलं. मशीन आहे म्हटल्यावर लोक हात पुढे करू लागले. "अन् दुसऱ्याचं मोजत बसलं, की आपल्याला कोन इचारत न्हाई."

सुमनला कळलं ते महापालिकेच्या इस्पितळात. ती कुणाला तरी डबा द्यायला गेली होती. बळीभाऊ त्या गोळ्यांच्या रांगेत उभे होते. दोघांची नजरानजर झाली. ती थांबली, त्यांची गोळ्यांची पिशवी घेऊन होईपर्यंत बाकावर बसली, आणि म्हणाली, "चला, एकाच रिक्षाने जाऊ." रिक्षात तिने एकच प्रश्न विचारला.

"मग मीठ चालतं ना तुम्हाला?"

त्या रविवारपासून वाटी तीच, शब्द तेच, आत मात्र मीठ.

"मंग खरंच आलं की बीपी," बळीभाऊ म्हणाले आणि हसले. "सिस्टरनं मोजलं. मी म्हनलं, सिस्टर, ते जुनं हाय माझं. ती म्हनली, फायलीत तर न्हाई. बगा सर, ज्याला भ्यालो ते गप झोपलंय, अन् ज्याचं नाव घिऊन हिंडलो ते उठून बसलं. वैनीला येऊन म्हनलं, आता खरंच अळणी करा."

पुढच्या खेपेला इस्पितळातले डॉक्टर गोळी लिहून देणार होते. पण बळीभाऊंना वाटलं, बीपी तर चारचौघांतलं दुखणं, त्याला तिकडे कशाला जायचं? ते कासारवाडीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, दुसरी काही औषधं चालू आहेत? ते म्हणाले, नाही. गोळी सुरू झाली आणि काही दिवसांत त्यांचे पाय सुजले. मग जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते बसले, ते उठेचनात. सुमननेच हात दिला.

"डॉक्टरांना दुसऱ्या गोळ्यांचं सांगितलंत?"

"न्हाई वैनी. तिथं कंपाउंडर असतोय. त्याचं तोंड म्हंजे बिनवायसरचा नळ. त्यापरीस मी बीपीची बंद करतो."

"काही बंद करायचं नाही. चला."

त्या दिवशीची एक गोष्ट मलाही ठाऊक होती, पण अर्धीच. शेजारच्यांनी येऊन सांगितलं होतं, "सर, वहिनी आज दवाखान्यात कसल्या कडाडल्या!" माझी सुमन, जी भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही लाजे, ती नंबरावरून भांडली होती. बाहेर बसलेले सगळे उठले, कंपाउंडर समजूत घालायला धावत बाहेर आला, आणि तिने त्याला दारापासून लांब पार पायऱ्यांपर्यंत भांडत नेलं. मी विचारलं, तर मेथी निवडता निवडता म्हणाली, "माझा नंबर होता." मी सोडून दिलं.

"तवर मी आत समदं सांगितलं, सर. डॉक्टर चिडले न्हाईत. त्यांनी तिकडच्या डॉक्टरांना फोन लावला. कोंबड्याच्या गोळीनं बीपीच्या गोळीचा जोर वाढायला होता. बदलून दिली. सूज उतरली." त्यांनी डोळे पुसले. "वैनी भाईर कुनाकुनाची आयमाय काढायल्या, मला आत ऐकू येत होतं. त्यांना शिव्या बी धड येत नव्हत्या."

मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

"आज हे मला का सांगितलंत, भाऊ?"

"वैनी होत्या तवर मला घोर नव्हता. आता ह्या बिल्डिंगीत माझं खरं ठाऊक असलेलं कुनीच न्हाई. उद्या मी जिन्यात पडलो, तर डॉक्टरला दोन्ही गोळ्यांचं कोन सांगनार?"

"मी सांगेन," मी म्हणालो.

त्यांनी वाटी पुढे केली. "वाढा मंग. सरांची आमटी बरी झालीय." ती बरी झाली नव्हती.

हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, लिहा, नाव तेवढं माझं नको, वैनीचं राहू द्या.

सकाळी ते माझं प्रेशर मोजतात, मग मी त्यांचं. संध्याकाळी वर कोंबडा आरवतो. रविवारी आमटी मी करतो. आता वेगळी काढावी लागत नाही. दोघांनाही मीठ बेताचंच आहे. सुमनचं नाव कोरलेली वाटी त्यांच्या पुढ्यात असते.