गुलाबाच्या वासाचे बोंबील

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या हातून प्रयोग फसत नाहीत, असं मुलुंडहून मनोरीच्या कोळीवाड्यात सून म्हणून आल्यापासून मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं!

माझ्या सासूबाई रत्नप्रभाबाई भर दुपारी वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत घालायच्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, नाक उन्हानं काळवंडलेलं. मला काळजी वाटायची. शेवटी विषय काढलाच.

"आई, आकाशातला ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो. माणसांनी सोडलेल्या वायूंनी त्याला पार दक्षिण ध्रुवावर भोक पडलंय."

"मग शिवत नाय कोन?"

"शिवतायत की! ते वायू बंद केले, आता हळूहळू भरतंय. पण आपल्याकडे भोक नसलं तरी ऊन डोक्यावर असतं. डोळे बिघडतात, कातडी भाजते, कधी कॅन्सरही होतो!"

"मग बोंबील काय पंख्याखाली सुकवू गो?"

मी वाद घातला नाही. सनस्क्रीनची सर्वांत मोठी बाटली आणली, तीही गुलाबाच्या वासाची, म्हणजे कुणी नाक मुरडणार नाही! सासूबाईंना लावलं, तशी शेजारच्या सुंदराबाई पुढे आल्या, मग सगळी आळीच. हळद लावावी तसं मी प्रत्येकीला कोपरापासून बोटांपर्यंत माखलं. मग त्याच हातांनी बायकांनी बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोड्या वलांडीवर टांगल्या. मी कृतार्थ होऊन बघत होते!

माल सुकला आणि घाटकोपरच्या जानकीबाई आल्या. वर्षानुवर्षं आमचा सगळा माल त्याच उचलतात. त्यांनी एक बोंबील नाकाशी नेला आणि दचकल्या.

"रत्ना, हे बोंबील हायत का नवरीचा गजरा?"

"आई, अक्षता आणू का?" माझा नवरा प्रितम म्हणाला. मी डोळे वटारले.

"हसू नको रे! माझं गिऱ्हाईक पळेल. वास गेला तर कळव, नाहीतर मी दुसरीकडून घेते!" पुरावा म्हणून चार बोंबील पिशवीत टाकून त्या तरातरा निघून गेल्या.

वाट लागली! सासूबाईंची मेहनत आणि सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, दोन्ही माझ्या बाटलीत बुडाली होती. मला रडू यायला लागलं.

"रडू नको गो. माया केलीस, जरा जास्त झाली," सासूबाई म्हणाल्या. "आता वास कसा जायचा, ते सांग."

"उडून जाईल," मी पुटपुटले. "फक्त ऊन हवं. भरपूर."

चांगला डोळा माझ्यावर रोखून त्यांनी विचारलं, "तेच ऊन?"

"तेच."

मी रजा टाकली आणि कावळे हाकत वलांडीपाशी बसले. सनस्क्रीनला अर्थातच तिथे बंदी!

"यार, तुझं नाक उकडलेल्या कोळंबीसारखं झालंय!" प्रितम म्हणाला. सासूबाई छत्री आणून माझ्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या, आणि स्वतः मात्र उन्हात!

एकदाचा बोंबलांना बोंबलांचा वास आला. जानकीबाईंना फोन केला. त्या आल्या, हुंगलं, आणि त्यांचा चेहराच पडला.

"तो वास कुठं गेला?"

"घालवला!" मी अभिमानानं म्हणाले.

"अगं बाई! आमच्या बिल्डिंगमध्ये सुक्या मासळीवरून रोज भांडणं. ते चार बोंबील गॅलरीत टांगले, तर कुणी चकार शब्द काढला नाही! उलट शेजारीण विचारते, कुठली उदबत्ती लावता? हा माल नेतेच गं, पण घरच्यापुरते तरी तसले हवेत ना!"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "नमिता, बाटली आन."

खाण्याच्या वस्तूला सनस्क्रीन लावू नये, असं मी रसायनशास्त्राच्या आधारे ठणकावून सांगितलं. बाटली आदल्याच रात्री मी माझ्या सोललेल्या नाकावर संपवली होती, हे काही सांगितलं नाही.