राबणारी माणसं : दोन

साथीच्या दुसऱ्या वर्षीही गाई पाळणाऱ्यांना सरकारी मदत मिळणार म्हटल्यावर दादांनी पिठाच्या डब्यामागची फाईल काढली. आजवरचे सगळे अर्ज बायकोने भरलेले. दादांना अर्ज नुसता दिसला तरी घाम फुटे. म्हणून त्यांनी अक्कल लढवली. बायकोच्या मागच्या वर्षीच्या अर्जाची प्रत समोर ठेवली आणि ओळ न् ओळ उतरवून काढली. नवा रकाना एकच होता, ओतून द्यावं लागलेल्या दुधाचा. तेवढा स्वतःच्या डोक्याने भरला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. तपासनीस बुधवारी येतील, गोठ्यात राबणाऱ्या दोन्ही व्यक्तींनी हजर राहावे, माहिती खोटी आढळल्यास अर्ज रद्द.

"दोन्ही?" समोरच राहणारी धाकटी बहीण ओरडली. "दादा, तू दोन लिहिलंस?"

"तिने दोन लिहिलं होतं," दादा म्हणाले.

ती साथीत जाऊन आठ महिने झाले होते. इस्पितळातून परत आला तो फक्त तिचा चष्मा. मदत हुकली तर सहाही गाई विकाव्या लागणार होत्या, आणि त्या गाईंवर तिचा लेकींसारखा जीव.

"खरं सांगून टाकतो."

"आणि खोटारडा म्हणून शिक्का मारून घेतोस? गप बस. एक दिवस मी होते वहिनी."

बुधवारी बहिणीने वहिनीचा गोठ्यातला निळा कोट चढवला आणि तिच्या गमबुटांत पाय कोंबले. वहिनीची पावलं चिमुकली, हिची चांगली भरभक्कम. गोठ्यात ती अशी चालू लागली की गाईंनीही रवंथ थांबवला. तपासनीस मात्र सज्जन माणूस, त्यांनी पायांकडे पाहिलं नाही. दोन मिनिटं सगळं सुरळीत चाललं.

"दूध काढताना बघू," ते म्हणाले.

"दादा, बादली आण रे!"

तपासनीसांचं पेन थांबलं. "नवऱ्याला दादा म्हणता?"

"लाडाने," बहीण म्हणाली आणि घामाघूम झाली.

तेवढ्यात म्हातारी गाय पुढे आली. तिने कोटाची बाही हुंगली, चाटली, मग मान वर करून चेहरा पाहिला आणि मागे सरली. पुन्हा बाही हुंगली, पुन्हा चेहरा पाहिला. मग ती हंबरायला लागली, ते थांबेचना.

दादांना ते बघवेना. "ती नाही गं ती," ते गाईला म्हणाले. मग तपासनीसांकडे वळले. "साहेब, ही माझी बहीण. बायको साथीत गेली. तिचा जुना अर्ज मी तसाच उतरवला. करा रद्द."

बहीण कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडू लागली. तपासनीसांनी खाली बघत 'दोन' खोडून 'एक' केलं.

"रद्द नाही होत. दुरुस्ती म्हणतात याला," ते म्हणाले आणि पान उलटलं. "पण इथेही चुकलंय. 'साथीमुळे झालेले इतर नुकसान' यापुढे तुम्ही 'काही नाही' लिहिलंय."

"तेही तिच्याच अर्जातलं."

"मग तुमचं लिहा."

त्यांनी पेन पुढे केलं. दादांनी हात सदऱ्याला पुसले आणि पेन घेतलं. त्या बोटभर रकान्यात टोक टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "वर दुधाचं लिटरमध्ये लिहिलंय. हे कशात लिहू?"