गठरी ठेवली की जागा पक्की

गेंदलालभाऊ बिसेन गाडी किल्लीनं सुरू करत नाहीत, काळजीनं करतात. आधी सीटवर बसतात, मग उतरतात. मागच्या चाकाला लाथ मारून बघतात. पुन्हा चढतात आणि मान वळवून ओरडतात, "कोणी राहिलं तं नाही ना?" आतले सगळे नाही म्हणतात. तरी खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्यालाच विचारतात, "कोणी राहिलं तं नाही ना?" रस्ता काय बोलणार कप्पाळ! शेवटी समोरचा चहावाला "जा ना बाप्पा आता" म्हणून हात हलवतो, तेव्हा कुठं किल्ली फिरते.

ही गाडी म्हणजे एका बंद पडलेल्या शाळेची पिवळी मिनीबस. तिच्यातून भाऊ आमच्या गोंदियातल्या बेघर माणसांची ने-आण करतात. शहरात निवारा आहे, चांगला आहे, पण आहे तो राइस मिलांच्याही पलीकडे. लुळ्या पायाच्या माणसानं तिथं पोहोचायचं कसं? ऑटोवाले गठरी, म्हणजे गाठोडं, पाहिलं की तोंड फिरवतात. म्हणून भाऊ सकाळी सगळ्यांना बाजारात, दवाखान्यात, स्टेशनवर आणून सोडतात आणि संध्याकाळी गोळा करून परत नेतात. फुकट. मी त्यांचा शेजारी, रिटायर्ड मास्तर. "मास्तर, एक दिवस गाडीच्या दारात उभे राहा ना जी," असं म्हणाले होते. तो एक दिवस अजून संपलेला नाही.

भाऊंच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. ढग आला की टप गळेल, ऊन पडलं की टायर फुटेल. कोणी खोकला तर, "मास्तर, तो खोकला साधा वाटत नाही." कोणी खोकलाच नाही तर, "आज तो गुमसुम काऊन हाय?" आणि दर दहा मिनिटांनी छातीवर हात ठेवून एकच वाक्य, "जीव धुकधुक करून राहिला." मी वैतागून एकदा म्हणालो, "अहो, जीव आहे तर धुकधुक करणारच. करायचा थांबला की सांगा!" तर त्या दिवसापासून त्यांनी माझ्याच प्रकृतीची चौकशी सुरू केली.

पहिले काही दिवस लोक गाडीत नुसते टेकायचे. कोणी ऊठ म्हणेल या भीतीनं सीटच्या कडेला, अंग चोरून. भाऊंना ते बघवेना. एक दिवस त्यांनी स्वतःच्या गळ्यातला दुपट्टा काढला, खाली उतरले आणि बाहेरून खिडकीतून सीटवर फेकला. "पाहा, एसटीत लोक असंच करतेत. कपडा फेका, गठरी ठेवा, जागा पक्की. मंग खुशाल चहा पिऊन या. तुमाले सोडून गाडी जाणार नाही. बिसेनचा शब्द हाय."

झालं! पंधरवड्यात खिडकीच्या जागेसाठी भांडणं. एकानं तर चप्पल ठेवून जागा धरली आणि दिवसभर एका पायात चप्पल घालून हिंडला. मी कपाळाला हात लावला. भाऊ मात्र खूश. "भांडून राहिले म्हणजे बरं हाय मास्तर. आपलं वाटल्याशिवाय कोणी भांडत नाही."

भाऊंच्या त्या शब्दानं आम्हाला कुठं नेऊन आपटलं, ते आता सांगतो.

थंडीचे दिवस होते. निवाऱ्याचं फाटक आठ वाजता बंद होतं. एकदा कुलूप लागलं की सकाळशिवाय उघडत नाही, असा तिथल्या चौकीदाराचा खाक्या. त्या संध्याकाळी स्टेशनपुढं गाडी भरली. भागरताबाईच्या सीटवर तिची हिरवी गठरी होती, भागरताबाई नव्हती. सत्तरीची बाई, नजर अधू. भाऊ उतरले, चढले, पुन्हा उतरले. स्टेशनचे सगळे बाक धुंडाळून आले.

"भाऊ, निघू या," मी म्हणालो. "गाडीत तापानं फणफणलेला माणूस आहे. फाटक बंद झालं तर हे सगळे उघड्यावर झोपतील."

"आन् ते एकटी?"

"एकीसाठी सगळ्यांना मारता का?"

"गठरी ठेवली हाय मास्तर तिनं." भाऊंनी सीटवरच्या गठरीकडे बोट दाखवलं. "मी शब्द देल्ला हाय."

माझं डोकंच फिरलं. शब्द कसला घेऊन बसलाय, हट्टी म्हातारा! पण त्या थंडीत म्हातारी कुठं पडली असेल, रूळ ओलांडायला तर गेली नसेल, असलं नाही नाही ते मनात यायला लागलं. भाऊंची धुकधुक मला लागली, दुसरं काय!

भाऊ तिला शोधायला सरकारी दवाखान्याकडे गाडी वळवणार, इतक्यात मागून भंगार वेचणारा शंकर शांतपणे म्हणाला, "वो तो नागरा गई है. मंदिर में भंडारा था, किसी के ऑटो में बैठ गई. बोली, गठरी रख दी है, अब गाड़ी जाएगी नहीं."

"अरे, मग इतका वेळ बोलला का नाहीस?" मी किंचाळलो.

"किसी ने पूछा नहीं."

भाऊंनी गाडी अशी हाणली की मी दाराच्या दांड्याला लोंबकळलो. शहराबाहेरच्या नागरा गावातल्या देवळाच्या पायरीवर भागरताबाई निवांत बसली होती. पत्रावळ चाटूनपुसून साफ. आम्हाला पाहून म्हणाली, "आले काय? बसा, बुंदी हाय अजून."

"बाई, जीव गेला असता आमचा!" मी ओरडलो. "गाडी निघून गेली असती तर?"

ती माझ्याकडे असं पाहायला लागली की जणू मलाच अक्कल नाही. "जाईल कायले? गठरी ठेवली होती ना मी."

भाऊ रागावले नाहीत. नुसतं तिला हात धरून गाडीत चढवलं. आणि गाडी निवाऱ्याकडे पिटाळली. मागं तापाचा माणूस कण्हत होता. आठ केव्हाच वाजून गेले होते.

निवाऱ्याशी पोहोचलो तर फाटक सताड उघडं. चौकीदार कुलूप हातात घेऊन थंडीत येरझारा घालत होता. आमच्यावर तुटूनच पडला. "आठले बंद करतो म्हणजे करतो मी! कोणाच्या बापाचं ऐकत नाही! पण तुमची गाडीच नाही आली तं बंद कसं करू? जीव टांगणीले लावला ना जी!"

त्याला मिठी मारावी असं वाटलं मला. एकेक जण आत गेला. भागरताबाई तेवढी फाटकाशी थांबली.

"तू आता कोठी चालला बापू?"

"घरी."

"घरी कोण हाय?"

दिवसभर सगळ्यांची चौकशी करणाऱ्या या माणसाची चौकशी आज कोणीतरी करत होतं. भाऊ म्हणाले, "कोणी नाही, माय. बायको वारली. पोरगी रायपूरले, तिच्या संसारात." मी भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी. तरी त्या रिकाम्या घरात रोज शिरताना या माणसाला कसं वाटत असेल, हे कधी माझ्या मनातही आलं नव्हतं.

म्हातारीनं गठरी काखेत नीट धरली. मग म्हणाली, "गारठा लय हाय. पोचला का याच्या फोनवर सांगजो. तोवर मले झोप नाही येणार." याच्या म्हणजे चौकीदाराच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीदारानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता उशिराची तक्रार ऐकावी लागणार. पण तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, काल बिसेनभाऊचा फोन आला. 'बाईले सांग, मी पोचलो,' म्हणाले. 'सांगतो,' म्हटलं मी. पण ते फोन ठेवतच नव्हते. मले वाटलं, रेंज गेली. कान लावून ऐकलं, तं रडून राहिले होते जी."