अंड्यांवरची दिवसपाळी

पाखराच्या पाठीवरून हात फिरवायला कुणाची परवानगी काढावी लागत नाही, असं टर्नरला वाटलं आणि त्याने हात फिरवला. केलं एवढंच. पुढे जो काय घोळ झाला, तो त्या एका हाताने झाला.

टर्नर म्हणजे कारखान्यात लेथवर अडतीस वर्षं उभा राहिलेला माणूस. चौथीनंतर त्याने शाळा सोडली की शाळेने त्याला सोडलं, यावर घरात अजून वाद आहे. (शाळेची बाजू कुणी ऐकलेली नाही.) निवृत्त झाला आणि हातांना काम उरलं नाही. हात रिकामे झाले की माणसाचं तोंड दुप्पट चालतं. बायकोने ते तोंड वर्षभर सहन केलं. मग खालच्या मजल्यावरचा शिंपी घर बदलून निघाला, तेव्हा तिने त्याच्याकडचं पाखरू पिंजऱ्यासकट मागून घेतलं. टर्नरला बोलायला कुणीतरी हवं होतं आणि तिला तिचे कान परत हवे होते.

पाखरू म्हणजे कॉकाटील. पोपटाच्या भाऊबंदातलं. अंगाने राखाडी, गालावर नारिंगी टिकली, डोक्यावर तुरा. रागावलं की तुरा ताठ उभा राही आणि ते हुबेहूब कारखान्यातल्या मॅनेजरसारखं दिसे. म्हणून टर्नरने त्याचं नाव ठेवलं ‘साहेब’. अडतीस वर्षं जे मनात बोलला होता, ते आता त्याला मोठ्याने बोलता येऊ लागलं.

“नर आहे,” शिंपी जाताना सांगून गेला होता. “खात्रीचा. दोन वर्षांत एक अंडं घातलेलं नाही.”

रोज संध्याकाळी टर्नर खुर्चीत बसे, साहेबाला मांडीवर घेई, शीळ घाली आणि मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवी. साहेब डोळे मिटून घेई, शेपूट वर करून वाके आणि बारीक आवाजात किटकिट करी.

“बघितलंस? याला माणसाची पारख आहे,” टर्नर बायकोला म्हणे.

तीन आठवड्यांनी सकाळी बायको पिंजरा झाडायला गेली ती तिथूनच ओरडली, “अहो, साहेबांनी अंडं घातलंय!”

“काहीतरी बरळू नकोस. नर अंडी घालत नसतो.”

“मग हे काय मी घातलंय?”

टर्नरने येऊन पाहिलं. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पांढरंशुभ्र अंडं होतं. त्याने व्हर्नियर काढून ते मोजलं. लांबी पंचवीस मिलिमीटर, रुंदी एकोणीस. माप घेतल्यावर त्याला वस्तू पटते, त्याआधी नाही. मग त्याने ते उचलून खिडकीतल्या कुंडीत पुरलं.

एक दिवस गेला आणि दुसरं अंडं आलं. तेही कुंडीत गेलं. तिसरं आलं, चौथं आलं.

“अहो, कुणाला तरी विचारा.”

“विचारायचं काय त्यात? घालू दे. आधी ती थकते की मी, तेच बघतो.”

अंडी अकरा झाली. अकराव्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाला पिसं फुगवून बसला होता, तुरा पडलेला, आणि श्वासागणिक शेपूट वरखाली होत होती. टर्नरने शीळ घातली. साहेबाने डोळासुद्धा उघडला नाही. लेथमध्ये बोट जाता जाता वाचलं तेव्हाही टर्नर इतका घाबरला नव्हता. (हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला कळलं, कारण त्याने चपला उलट्या घातल्या.)

पाखरांची डॉक्टरीण वयाने त्याच्या मुलीएवढी होती. तिने साहेबाला वाटीत बसवून तोललं.

“चौऱ्याहत्तर ग्रॅम. नव्वद तरी हवी होती. काका, किती अंडी झाली?”

“अकरा.”

“आणि ती कुठायत?”

“कुंडीत.”

तिने पेन खाली ठेवलं. “काका, हिला चार-पाच अंड्यांवर बसायचं असतं. तुम्ही एक उचललं की ती दुसरं घालते. आणि कवच काही हवेतून येत नाही, हाडांतलं कॅल्शियम ओढून ती ते करते. अजून दोन-तीन झाली आणि एक जरी पोटात अडकलं, तर पाखरू हातचं जाईल.”

टर्नरने मान खाली घातली. (तारीख लिहून ठेवण्यासारखी गोष्ट.)

“नर कुठाय?” तिने विचारलं.

“नर नाहीच. ही एकटी आहे.”

“शीळ कोण घालतं?”

“मी.”

“पाठीवरून हात?”

“मीच.”

“शेपटीपर्यंत?”

“अर्धा हात कशाला फिरवायचा?”

डॉक्टरीण बायकोकडे बघून हळूच म्हणाली, “काकू, नर सापडला.”

बायको घरी येईपर्यंत हसत होती. जिन्यात तर ती कठड्याला धरून बसलीच. “चाळीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या पाठीवरून कधी असा हात फिरवला नाहीत ते.”

“फिरवला असता तर तूही अंडी घातली असतीस!” टर्नर गरजला आणि वर निघून गेला.

डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं ते असं. पाठीला हात लावायचा नाही, लाडाने कुरवाळायचं तर फक्त डोकं. शीळ बंद. संध्याकाळी सहाला पिंजऱ्यावर जाड कापड टाकून अंधार करायचा, कारण दिवस मोठा वाटला की पाखराला संसार सुचतो. कॅल्शियमचे थेंब द्यायचे, चोचीने खरवडायला समुद्रफेसाचा तुकडा टांगायचा. आणि पिंजऱ्यात पाच खोटी अंडी ठेवायची. आपली अंडी पुरी झाली असं समजून ती घालायची थांबेल, वीसेक दिवस बसेल, काही फुटत नाही म्हणून कंटाळेल आणि आपणहून उठेल.

“खोटी अंडी दुकानात मिळतात,” ती म्हणाली होती.

“दुकानातली? मी जिवंत असताना?”

दुसऱ्या दिवशी टर्नर ओळखीच्या वर्कशॉपात गेला, नायलॉनचा पांढरा रॉड लेथवर चढवला आणि दिवसभर उभा राहून पाच अंडी काढली. पंचवीस बाय एकोणीस. वर्कशॉपवाला म्हणाला, “काका, पाखराला काय कळतंय, एखादं मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर?” टर्नरने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो मुकाट्याने आपल्या मशीनकडे गेला. सहावं अंडं अर्ध्या मिलिमीटरने लहान झालं होतं. ते त्याने भंगारात फेकलं.

साहेबाने पाची अंडी चोचीने पोटाखाली ओढून घेतली आणि बारावं अंडं काही घातलं नाही. टर्नरची छाती फुगली. दोन दिवस फुगलेली राहिली.

तिसऱ्या दिवशी वजन केलं तर एकाहत्तर.

ती उठतच नव्हती. दाण्याची वाटी तोंडाशी ठेवली तरी दोन दाणे टिपून पुन्हा खाली मान. मात्र सकाळी नऊच्या सुमाराला ती अंड्यांवरून उतरे, दाराशी येई, टर्नरकडे बघून कानठळ्या बसतील असं किंचाळे, जरा वेळ थांबे आणि परत जाऊन बसे. टर्नरने डॉक्टरीणबाईला फोन लावला.

“वाट बघतेय ती,” डॉक्टरीण म्हणाली. “यांच्यात रात्री मादी बसते आणि दिवसा नर. नर आला की ती उठते, खाते, अंग मोकळं करते.”

“आणि नर आला नाही तर?”

“तर बिचारी दोन्ही वेळेला बसते. तुम्ही लक्ष देऊ नका, दूर राहा. खाईल हळूहळू.”

टर्नरने फोन ठेवला आणि तो खोलीत येरझारा घालू लागला. कारखान्यात एक नियम होता. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. एकदा त्याचा रिलीव्हर आलाच नव्हता, तेव्हा टर्नर सलग सोळा तास उभा राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाची कॉलर धरली होती.

“तीन दिवस!” तो ओरडला. “तीन दिवस डबल ड्यूटी करतेय ती! आणि गैरहजर कोण? मी!”

“अहो, त्या नको म्हणाल्यात ना?”

“पाठीला हात लावू नका म्हणाल्यात. अंड्यांना लावू नका असं कुठं म्हणाल्यात?”

त्याने पिंजऱ्याशी स्टूल ओढलं, बाही वर केली, दारातून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळवा अंड्यांवर पालथा ठेवला. साहेबाने हात पाहिला. मान वाकडी करून पुन्हा पाहिला. मग ती तडक वाटीवर गेली आणि जी खायला लागली ती पाच मिनिटं तिने मान वर केली नाही.

बायको हे दारातून बघत होती. “अंडी कशाची आहेत?”

“नायलॉनची.”

“केली कुणी?”

“मी.”

“मग त्यात पिल्लू नाही हे ठाऊक असलेला जगात एक माणूस असेल तर तो कोण?”

“पिल्लाचा काय संबंध? पाळी म्हणजे पाळी.”

आणि टर्नरची दिवसपाळी सुरू झाली. नऊ ते पाच. पेपर डाव्या हाताने, चहा डाव्या हाताने. जेवणाच्या सुटीत बायकोने अर्धा तास हात ठेवून बघितला, तर साहेबाने तिच्या अंगठ्याचा असा चावा घेतला की पुढे जेवणही टर्नरला डाव्या हातानेच करावं लागलं. हाताला मुंग्या आल्या, खांदा धरला. मधूनच साहेब येऊन अंडी चोचीने फिरवून जाई आणि टर्नरचं बोट नीट नसलं तर तेही चोचीने सरळ करी. (अडतीस वर्षांत त्याच्या कामावर बोट ठेवायची कुणाची हिंमत झाली नव्हती.) पाचला ती अंड्यांपाशी येई, मनगटावर दोन टोचे मारी. म्हणजे सुटी.

पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरचे मास्तर आले आणि दारातच थबकले.

“अरेरे! अडकला का हात?”

“नाही.”

“लाजू नका हो. साबणाचं पाणी लावू या, सुटेल. वहिनी, साबण आणा!”

“मास्तर, हात अडकलेला नाही. मी बसलोय.”

“बसलाय ते दिसतंय. कशावर?”

“अंड्यांवर.”

मास्तरांनी स्टुलाकडे बघितलं, टर्नरकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “कधीपासून वाटतंय असं?”

“निघा!” टर्नर म्हणाला.

दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. जिन्यात लोक विचारू लागले, “काय काका, कितवा महिना?” टर्नर थांबून, छाती काढून सांगे, “बारावा दिवस. वजन ब्याऐंशी.” लाजायचं असतं हे त्याला शाळेत शिकवलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईने फोनवर झापलं, तर तिलाही म्हणाला, “बाई, पुस्तक तुमचं बरोबर असेल. पण तुमच्या पुस्तकाला काही एकाहत्तर ग्रॅमचं पाखरू तळहातावर धरावं लागत नाही.” मग ती म्हणाली, “रोज वजन कळवा.”

एकोणिसाव्या दिवशी पाच वाजले तरी साहेब आली नाही. वरच्या दांडीवर बसून पिसं साफ करत होती. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. टर्नर हात हलवेना.

“अहो, उठा आता. ती कंटाळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं.”

“रिलीव्हर आलेला नाही.”

“रिलीव्हर नोकरी सोडून गेलाय! पिंजऱ्यात आता अंड्यांवर तुम्ही एकटेच बसलायत!”

सहा वाजता बायकोने कापड टाकलं, पिंजऱ्यावर आणि टर्नरच्या हातावरही. तेव्हा कुठे त्याने हात बाहेर काढला. वजन भरलं एक्याण्णव. त्याने ते कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं आणि खाली रेघ मारली. पाखरू वाचलं होतं. तो त्या रात्री लवकर झोपला, आणि बायको सांगते की झोपेतही उजवा हात पालथाच होता.

पुढचे आठ दिवस टर्नर फार ताठ चालला. डॉक्टरीण चुकली, मास्तर चुकले, इमारत चुकली, तो तेवढा बरोबर ठरला. साहेबाच्या मनात आपलं काय स्थान आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मोठ्या मनाने तो पिंजऱ्यापासून चार हात लांब बसे. “मी जवळ गेलो की ती परत नादी लागेल,” तो बायकोला सांगे. “आपणच आपल्याला आवरलं पाहिजे.”

नवव्या दिवशी सकाळी साहेबाने एकदम तुरा ताठ केला. मग पंख जरा पसरले, शेपूट वर करून वाकली आणि किटकिट सुरू केली. अगदी पहिल्यासारखी. टर्नरच्या अंगावर काटा आला. त्याने हात लावला नव्हता, शीळ घातली नव्हती, नुसता बसला होता. “बघ,” तो गहिवरून बायकोला म्हणाला, “नुसतं बघूनसुद्धा—”

पण साहेब त्याच्याकडे बघतच नव्हती. तिचं तोंड स्वयंपाकघराकडे होतं. तिथून दुसरी शिटी झाली आणि ती आणखी खाली वाकली. तिसरी झाली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

टर्नर उठला. मग त्याने स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला आणि डॉक्टरीणबाईला फोन लावला.

“परत सुरू झालंय.”

“काका! मी सांगितलं होतं ना? परत शीळ घातलीत?”

“मी नाही. माझा आता काही संबंध उरलेला नाही.”

“मग कोण? घरात दुसरा नर आणलात की काय?”

टर्नरने मागे वळून दार लोटून घेतलं, रिसीव्हर तोंडाजवळ धरला आणि म्हणाला,

“आधीपासूनच होता. तीन लिटरचा आहे.”